कंपनीच्या गाडीत जीपीएस: सुट्टीच्या दिवशी मी कुठे जातो हे कंपनीला का कळावं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मनात घोळतोय, आज लिहितोच.

मी नाशिकला एका कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी हा माझा पट्टा. रात्री अकरालाही फोन येतो की मशीन बंद पडलंय, म्हणून कंपनीची गाडी माझ्याच दारात उभी असते. गाडी दिली तेव्हाच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय की कामाच्या वेळेबाहेर घरच्यासाठी वापरता येईल, त्याचं पेट्रोल मी भरायचं. चार वर्षं मी ते वेगळं भरतोय, पावत्या जपून ठेवल्यात.

फेब्रुवारीत सगळ्या गाड्या सर्व्हिसिंगला म्हणून बोलावल्या आणि जीपीएस बसवले. आम्हाला कुणी सांगितलं नाही. मला कळलं ते दोन महिन्यांनी, मासिक आढाव्यात. आठ-दहा जण बसलेले असताना साहेबांनी भिंतीवर माझ्या गाडीचा नकाशा लावला आणि विचारलं, "दर शनिवारी सकाळी तुमची गाडी कॉलेज रोडला एकाच जागी दोन-दोन तास उभी असते. तिथे आपलं कोणतं गिऱ्हाईक आहे?"

शनिवारी आम्हाला सुट्टी असते. मी "घरचं काम होतं" एवढंच बोललो आणि खाली बसलो. अजून ते आठवलं की कान तापतात.

गाडी कंपनीची आहे, हे मला मान्य आहे. पण सुट्टीच्या दिवसाचा माझा नकाशा कंपनी बघू शकते का? आणि बघत असेल तर मी नोकरी न गमावता काय करू शकतो? जाणकारांनी कृपया लिहावं.

मालवाहू

गोदाकाठ, चारचौघांत विचारायला नको होतं, ते साहेबांचं चुकलंच. पण दुसरी बाजूही मांडतो. माझ्या चौदा गाड्या नाशिक-भिवंडी लाइनवर आहेत, सगळ्यांना जीपीएस आहे आणि मी तो कधीच काढणार नाही. आधी महिन्याला डिझेलचा हिशोब लागायचा नाही. गाडी ढाब्यावर चार तास उभी आणि ड्रायव्हर फोनवर सांगणार "शहापूर सोडलं". माल वेळेवर पोचला नाही की दंड माझ्या बिलातून कापला जातो.

आणि फक्त पैशाचं नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी कसाऱ्याच्या अलीकडे एक गाडी पहाटे तीनपासून हलेना, फोन उचलेना. नकाशा बघून ओळखीच्या टपरीवाल्याला उठवून पाठवलं. ड्रायव्हर केबिनमध्ये छाती धरून पडला होता. आज तो माणूस जिवंत आहे. हप्ता माझा, विमा माझा, जबाबदारी माझी. मग गाडी कुठे आहे हे मला कळायला नको?

वायरिंगवाला

मी गेली नऊ वर्षं हे डबे बसवतो, म्हणून आतलं सांगतो.

डॅशबोर्डच्या मागे तीन वायरी जोडतात: बॅटरीचा प्लस, अर्थ आणि इग्निशन. आत सिमकार्ड आणि छोटी बॅटरी असते. चावी फिरवली की दर दहा ते तीस सेकंदांनी जागा आणि वेग सर्व्हरला जातो. चावी काढली तरी डबा झोपत नाही, अधूनमधून "मी इथे आहे" असा निरोप पाठवत राहतो. मुख्य बॅटरीची वायर काढली तर आतल्या बॅटरीवर चालतो आणि मालकाला लगेच मेसेज जातो. म्हणून दादा, वायर काढायच्या भानगडीत पडू नका. ती नोंद तुमच्याच विरुद्ध वापरतील.

धाग्याला उपयोगी गोष्ट ही की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कामाचे तास ठरवायची सोय आधीपासून असते. सोमवार ते शुक्रवार, अमुक ते तमुक, त्याबाहेरची जागा दिसणार नाही, फक्त एकूण किलोमीटर दिसतील. पाच मिनिटांचं काम आहे. पण इतक्या वर्षांत ही सोय चालू करून द्या असं सांगणारे मालक मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले.

त्याहून वाईट म्हणजे लॉगइन. एकच पासवर्ड मालक, मॅनेजर, सुपरवायझर, अकाउंटवाला सगळ्यांकडे, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला. नोकरी सोडून गेलेला माणूसही घरी बसून गाड्या बघू शकतो. मी सांगतो, पण पासवर्ड कुणी बदलत नाही.

आणि नकाशा नेहमी खरा नसतो. उंच इमारतींच्या मध्ये सिग्नल भिंतीवर आपटून येतो, घाटात तुटतो. उभी गाडी पलीकडच्या गल्लीत दिसते. कधी कधी तर बंद गाडी रात्रभर थोडं थोडं फिरल्यासारखी दिसते आणि किलोमीटरही वाढतात. त्या भरवशावर कुणाला मेमो देणं चूक आहे.

रात्रपाळी

मी खराडीत रात्रपाळी करते. कॅबमध्ये ट्रॅकिंग असलंच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी मुलीचा कंपनीच्या कॅबमध्येच घात झाला, ती आमच्यासाठी जुनी बातमी नाही. माझी आई अजून मी घरी पोचेपर्यंत झोपत नाही.

पण त्या ट्रॅकिंगला शेवट आहे. मी दारात उतरले, "पोचले" दाबलं, की ती फेरी संपली. मागच्या वर्षी कॅबचं ॲप बदललं आणि नवं ॲप फोनची जागा "नेहमी" मागायला लागलं. मी नकार दिला तर कॅब बुक होईना. आम्ही अकरा जणींनी मिळून ट्रान्सपोर्ट डेस्कला मेल लिहिली: कॅबमध्ये असू तोवर बघा, उतरल्यावर का? दोन आठवड्यांत "ॲप वापरताना" एवढा पर्याय आला. एकटीने लिहिलं असतं तर आला असता असं वाटत नाही.

गोदाकाठ, तुमच्याबरोबर सही करणारे चार-पाच जण शोधा.

औषधांची_बॅग

मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे, लातूर-परभणी भाग. आमच्याकडे गाडीही स्वतःची, फोनही स्वतःचा, तरी ॲप दिवसभर चालू ठेवायचं. डॉक्टरच्या दवाखान्यापाशी उभं राहून हजेरी लावायची, नाहीतर कॉल मोजला जात नाही. डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्या हॉस्पिटलला असले तर आमची भेट खोटी ठरते.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. दहाव्याला गंगाखेडला गोदावरीच्या काठावर बसलो होतो, मुंडण झालेलं, ओल्या अंगाने. फोन वाजला. "तुमचं लोकेशन तिकडे का दाखवतंय? आज तिथला टूर नाही." मी रजेवर होतो, रजा मंजूर होती. त्यांनी ती बघितलीच नव्हती, नकाशा तेवढा बघितला.

आमच्या संघटनेच्या, एफएमआरएआयच्या मागण्यांत आता पगार आणि कामाच्या तासांबरोबर इलेक्ट्रॉनिक पाळत थांबवा ही मागणीही असते. ती का आली हे त्या दिवशी मला कळलं.

मालवाहू

औषधांची बॅग, वाचून वाईट वाटलं. स्वतःच्या गाडीवर, रजेच्या दिवशी, हे कुठल्याच हिशोबात बसत नाही. माझं म्हणणं माझ्या ट्रकांपुरतं आहे.

ड्रायव्हरचा_मुलगा

मालवाहू साहेब, राग मानू नका, पण ट्रकांपुरतंच बोलतो. माझे वडील तीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर होते. शेवटची पाच वर्षं जीपीएस होता. गाडी चाळीस मिनिटं थांबली की फोन यायचा. जेवायला थांबलोय म्हटलं तरी "किती वेळ?". पण त्याच यंत्रात हेही दिसत होतं की माणूस सोळा तास चाकावर आहे. त्यासाठी एकदाही फोन आला नाही.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस आणि जादा कामाला दुप्पट दर असं होतं. वडिलांना त्यातलं काही मिळालं नाही, कारण किती तास गाडी चालवली याचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. पुरावा मालकाच्या कॉम्प्युटरमध्ये होता. तुमच्या नोंदी तुमचे ड्रायव्हर मागू शकतात का? एवढंच विचारतो.

नागपूरची_पहाट

थोडं अवांतर वाटेल, पण विषय तोच आहे. आमच्या नागपुरात महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली गेली. गाडीत बसवलेला डबा तरी गाडीतच राहतो, हे अंगावर. सकाळी रस्ता झाडणाऱ्या बायका संडासला जायलाही बिचकायच्या, कोण बघतंय कळत नाही म्हणून. हद्द ओलांडली की पगार कापण्याची धास्ती. ज्यांचा पगार सगळ्यांत कमी, त्यांच्यावर पहारा सगळ्यांत जास्त.

वकील_साताऱ्याची

धागा आत्ता वाचला. मी कामगार न्यायालयात काम करते. कायद्याची स्थिती जशी आहे तशी सांगते, गोड करून सांगत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण तो मुख्यतः सरकारविरुद्धचा हक्क आहे. खासगी कंपनीविरुद्ध हातात धरायला वेगळा कायदा लागतो.

तो कायदा म्हणजे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यातलं कलम ७ नीट वाचा. "रोजगाराच्या हेतूंसाठी" किंवा मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरता येते. म्हणजे कंपनीला तुमची सही लागणारच असं नाही. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क कलम ११ आणि १२ मध्ये आहे, पण तो संमती दिलेल्या माणसाला. संमती मागितलीच नाही, तर ते हक्कही मिळत नाहीत. कर्मचाऱ्यांसाठी ही फार मोठी फट आहे आणि ती बुजवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तरी हातात काहीच नाही असं नाही. पहिलं, हेतू "रोजगाराचा" हवा. सुट्टीच्या शनिवारी, तुमच्या पेट्रोलवर, पत्रात परवानगी दिलेल्या वापरात रोजगार कुठे आला? इथे कंपनीची बाजू लंगडी आहे. दुसरं, माहिती सुरक्षित ठेवणं आणि हेतू संपला की पुसणं हे कलम ८ चं बंधन संमती नसली तरी आहे. वायरिंगवाला यांनी सांगितलेला ग्रुपवरचा पासवर्ड याच्या सरळ विरुद्ध जातो. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, हे वाक्य एचआरला नक्की समजतं. तिसरं, तक्रार निवारणाची सोय देणं कंपनीला भाग आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत "संवेदनशील" माहितीची यादी आहे. त्यात आरोग्य आहे, बँकेची माहिती आहे, पण ठावठिकाणा नाही. मला हे नेहमी खटकतं, कारण माणूस कुठे जातो यावरूनच तर बाकीचं सगळं कळतं.

एक निकाल मुद्दाम सांगते. ८ जुलै २०२४ ला न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्यापुढे जामिनाच्या अटीचा प्रश्न होता. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या आरोपीने आपलं गूगल मॅपवरचं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसत ठेवावं, अशी अट होती. न्यायालयाने ती रद्द केली, कारण जामिनावर सुटलेल्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावू देता येत नाही. तो निकाल कंपनीवर थेट लागू होत नाही. पण गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीला जे संरक्षण आहे, ते शनिवारी बायकोमुलांना घेऊन निघालेल्या इंजिनिअरला नसावं, हे कुठल्या न्यायाधीशाला पटेल?

ऱ्हाइनकाठ

मी मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत कोलोनजवळ असतो. इथे आमच्या सर्व्हिसच्या गाड्यांनाही ट्रॅकर आहेत. फरक असा की ते बसवण्याआधी कामगारांच्या मंडळाची, बेट्रिब्सराटची, मंजुरी घ्यावी लागली. त्यांच्या कायद्याच्या कलम ८७ मध्ये लिहिलंय की कर्मचाऱ्यावर नजर ठेवू शकेल असं यंत्र आणायचं तर मंडळाला निर्णयात वाटा हवा. चार महिने घासाघीस चालली. आता डॅशबोर्डवर एक बटण आहे, ते दाबलं की फेरी "खासगी" होते आणि नकाशावरून गाडी नाहीशी होते. फ्रान्समध्ये तिथलं डेटा प्राधिकरण सांगतं की या नोंदी साधारण दोन महिन्यांहून जास्त ठेवू नका, आणि खासगी वापराची परवानगी असेल तर कामाच्या वेळेबाहेर यंत्र बंद करता आलं पाहिजे.

युरोपात सगळं कर्मचाऱ्याच्याच बाजूचं आहे असंही नाही. पोर्तुगालमध्ये, आपल्या औषधांची बॅग यांच्यासारख्याच एका एमआरला जीपीएसच्या नोंदींवरून नोकरीवरून काढलं. तो स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी हरला. पण का हरला ते बघण्यासारखं आहे: यंत्राची माहिती त्याला आधी दिलेली होती, आणि तिथल्या न्यायालयाने पुरावा म्हणून फक्त किलोमीटर धरले, तो कुठे कुठे गेला ते धरलं नाही.

वकील_साताऱ्याची

चांगलं उदाहरण दिलंत. याच्या उलट न्यूयॉर्कचं. सरकारी कर्मचाऱ्याच्या खासगी गाडीला खात्याने गुपचूप ट्रॅकर लावला होता. तो खोट्या हजेऱ्या लावतो असा संशय होता. २०१३ मध्ये त्या राज्याच्या सगळ्यांत वरच्या न्यायालयाने सांगितलं की कामाच्या वेळेपुरता तपास समजू शकतो, पण संध्याकाळी, शनिवार-रविवारी आणि कुटुंबासोबतच्या सुट्टीतही माग काढला, हे अवाजवी झालं. गोदाकाठ, तुमच्या पत्रात हाच भेद मांडा: कामाची वेळ आणि कामाबाहेरची वेळ. जीपीएस काढा अशी मागणी करू नका, ती फेटाळली जाईल.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. एक गोष्ट सुरुवातीला लिहिली नव्हती, आज लिहितो, कारण त्याशिवाय माझा त्रास कळणार नाही.

कॉलेज रोडला वंध्यत्वावरच्या उपचारांचा दवाखाना आहे. आम्ही दोघं दीड वर्ष तिथे जातोय. आमच्या घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही, तिच्या आईला सोडून. त्या नकाशावर गाडीचा ठिपका होता आणि ठिपक्याखाली इमारतीचं नाव अगदी स्पष्ट वाचता येत होतं. त्या खोलीत बसलेल्यांपैकी तिघे त्याच भागात राहतात.

मी काही चुकीचं करत नव्हतो. तरी त्या दिवशी चोरी सापडल्यासारखा बसलो होतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

रात्रपाळी

दादा, वाचून गलबलून आलं. ताईंना सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे.

मालवाहू

गोदाकाठ, मी पहिल्याच दिवशी "गाडी माझी" म्हणून लिहिलं होतं. ते वाक्य तुमच्या बाबतीत चालत नाही, मान्य करतो. गाडी कंपनीची असली तरी दवाखाना तुमचा आहे.

ड्रायव्हरच्या मुलाने विचारलेल्याचं उत्तर देणं राहिलं होतं. काल बसून बघितलं. माझ्या चौदा गाड्यांचं लॉगइन सात जणांकडे होतं, त्यातला एक गेल्या वर्षी सोडून गेला. पासवर्ड बदलला, आता दोघांकडे आहे. आणि या महिन्यापासून प्रत्येक ड्रायव्हरला त्याच्या गाडीच्या तासांची प्रिंट देतोय. पहिल्याच प्रिंटमध्ये दोघांचे तास इतके निघालेत की मला त्यांच्या फेऱ्या बदलाव्या लागतील. खर्च वाढेल, पण कागद समोर असताना नाही म्हणता येत नाही.

ड्रायव्हरचा_मुलगा

साहेब, धन्यवाद. वडिलांना वाचून दाखवलं.

वकील_साताऱ्याची

गोदाकाठ, पत्रात दवाखान्याचा उल्लेख अजिबात करू नका, त्याची गरज नाही. खासगी वापराच्या परवानगीचं जुनं पत्र जोडा आणि सरळ विचारा: यंत्र कोणत्या हेतूने लावलं, कोणत्या वेळेत नोंद होते, कोण बघतं, किती दिवस ठेवतात, तक्रार कुणाकडे करायची. कामाच्या वेळेबाहेरची जागा दिसू नये अशी विनंती करा आणि सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे हेही लिहा. आढाव्यात खासगी फेरी दाखवली गेली, याबद्दलची नाराजी दोन ओळींत. भाषा शांत ठेवा. शक्य तितक्या सह्या घ्या.

गोदाकाठ (धागाकर्ता)

पाच आठवड्यांनी लिहितोय.

सहा जणांनी सह्या केल्या. दोघे आधी हो म्हणून मागे हटले, त्यांचं घरचं कर्ज आहे, मी काही बोललो नाही. एचआरने बोलावलं, तासभर बोलणं झालं. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. सॉफ्टवेअरमध्ये वेळ ठरवता येते हे त्यांना माहीतच नव्हतं. गेल्या सोमवारी लेखी उत्तर आलं. सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत जागा दिसेल. रात्रीच्या ब्रेकडाउनला गेलो तर मी मेसेज टाकायचा, तेवढी फेरी चालू होईल. बाकी वेळ फक्त किलोमीटर. लॉगइन तिघांकडे. नोंदी नव्वद दिवस.

साहेबांनी आढाव्याबद्दल चकार शब्द काढला नाही. बायकोला सांगितलं. ती दोन दिवस गप्प होती, मग म्हणाली, पुढच्या वेळी रिक्षाने जाऊ. पत्र हातात असूनही गेले दोन शनिवार आम्ही रिक्षानेच जातोय.

वायरिंगवाला

पत्रावर थांबू नका दादा. वेळ ठरवली तरी फेब्रुवारीपासूनच्या जुन्या नोंदी सर्व्हरवर तशाच पडून असतील. ज्या कंपनीचा डबा आहे तिच्या सर्व्हरवर एक प्रत असते आणि कुणी एक्सेल काढून ठेवली असेल तर ती वेगळीच. मुळापासून पुसायचं तर त्यांना वेगळं सांगावं लागतं.

वकील_साताऱ्याची

बरोबर. ते लेखी मागा: खासगी वेळेतल्या जुन्या नोंदी आणि आढाव्यातली ती स्लाइड, दोन्ही पुसल्याचं, तारखेसह.

गोदाकाठ (धागाकर्ता)

आज सकाळी मेल पाठवली, सहाही जणांच्या नावाने. उत्तर आलं की इथेच कळवतो.